पडवीतलं मोठं पाखरू : दुर्मिळ म्हणजे नेमकं काय?

ताईंनो, पावसाळा लागला की आपल्या ग्रामसंघांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. पडवीच्या खांबावर नाहीतर दिव्याखालच्या भिंतीवर बसलेलं तांबूस-तपकिरी पाखरू, दोन्ही तळहात शेजारी ठेवले तरी झाकणार नाही एवढं मोठं. फोटोखाली कुणी लिहितं, "हे विषारी आहे का?" कुणी लिहितं, "लक्ष्मी आली, हाकलू नका." मग दोन-तीन दिवसांनी कुठल्या तरी पेपरात बातमी येते, "अमुक गावात दुर्मिळ पतंग आढळला." पुढच्या वर्षी शेजारच्या गावात तोच पतंग पुन्हा "दुर्मिळ" म्हणून सापडतो.

मग प्रश्न पडतो, दरवर्षी दिसणारी गोष्ट दुर्मिळ कशी? आणि दुर्मिळ नसेल तर एवढ्या वर्षांत आपल्याला ती एकदाच कशी दिसली? प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर बऱ्याच अंशी आपल्याच हातात आहे, म्हणून या अंकात त्यावर जरा सविस्तर लिहिते.

या पाखराला ॲटलास पतंग म्हणतात. पंख पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण २४ सेंटिमीटरपर्यंत भरतात, म्हणजे शाळेतली फूटपट्टी जवळजवळ संपते. जगातल्या सर्वांत मोठ्या पतंगांमध्ये त्याची गणना होते. चारही पंखांवर एकेक तिकोनी खिडकी असते. तिथे रंगाची पूड नसते, त्यामुळे काचेसारखं आरपार दिसतं. पुढच्या पंखांची टोकं वाकडी असतात आणि त्यांवर डोळा काढावा तसा ठिपका असतो. पाखराला डिवचलं की ते खाली पडून पंख हळूहळू हलवतं, तेव्हा ती टोकं सापाने मान वळवावी तशी दिसतात. पक्षी बिचकतात. आपणही बिचकतो, म्हणून तर काही ठिकाणी झाडूचा पहिला फटका त्यालाच बसतो.

विषाचं आधी सांगून टाकते. हे पाखरू चावत नाही, चावूच शकत नाही, कारण त्याला खायला उपयोगी पडेल असं तोंडच नसतं. नांगी नाही, विष नाही. पंखांना हात लावला की बोटांना जी पूड लागते, ती म्हणजे पंखांवरचे बारीक खवले. ती डोळ्यांत गेली तर कुठलीही धूळ गेल्यावर चुरचुरतं तसं चुरचुरेल, पण "डोळे जातात" हे खरं नाही. अळ्यांचं मात्र वेगळं आहे. पतंगांच्या काही जातींच्या केसाळ अळ्या अंगाला लागल्या तर खाज सुटते, पुरळ उठतं. ओळख पटली नसेल तर केसाळ अळीला हात लावायचा नाही, एवढं मुलांना सांगून ठेवा.

आठवडाभराचं आयुष्य

आता तो कमी का दिसतो ते बघू. कोषातून बाहेर पडल्यावर पतंग काहीही खात नाही. अळी असताना अंगात साठवलेल्या चरबीवरच तो जगतो. ही पुंजी आठवडाभर, फार तर दोन आठवडे पुरते. आपल्या भाषेत सांगायचं तर जमा बंद आणि खर्च चालू. उडायला ताकद लागते, म्हणून तो दिवसभर निश्चल बसून राहतो. दिवसा खांबावर बसलेला पतंग आजारी किंवा मेलेला वाटतो, तो बहुतेक वेळा विश्रांती घेत असतो.

मादी तर फारशी उडतही नाही. कोषाजवळच्याच फांदीवर बसून ती रात्री एक गंध हवेत सोडते. आपल्याला तो येत नाही. नराच्या मिशा पिसासारख्या रुंद असतात, त्यांनी तो लांबून हा गंध हुंगतो आणि अंधारात माग काढत येतो. मीलन झालं की मादी पानांच्या खालच्या बाजूला अंडी घालते आणि थोड्याच दिवसांत मरते. फोटोत नर की मादी ओळखायचं असेल तर मिशा बघा. रुंद, पिसासारख्या असतील तर नर. मिशा अरुंद आणि पोट जाडजूड असेल तर मादी.

अंड्यांतून साधारण आठ-पंधरा दिवसांत अळ्या निघतात. त्या पानं खात खात बोटाहून लांब आणि अंगठ्याहून जाड होतात. रंग फिकट हिरवा-निळसर, पाठीवर मऊ काटे, आणि अंगावर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी पूड. दालचिनी, पेरू, सीताफळ, लिंबाच्या जातीची झाडं, अशा किती तरी झाडांची पानं या अळीला चालतात. पूर्ण वाढली की ती पानाला रेशमाने गुंडाळून आत कोष करते. पाऊसपाणी अनुकूल असेल तर महिनाभरात पतंग बाहेर येतो. कोरडा हंगाम असेल तर कोष तसाच महिनोन्‌महिने लटकून राहतो. वाळक्या पानाचा पुडका वाटतो म्हणून आपलं लक्षही जात नाही.

म्हणजे हिशेब बघा. हा जीव वर्षातला बराच काळ आपल्या परसात असू शकतो, पण अंडी, अळी आणि कोष या रूपांत. आपण ज्याला "पतंग दिसला" म्हणतो तो त्याच्या आयुष्यातला शेवटचा आठवडा, तोही रात्रीचा, तोही पावसातला, जेव्हा आपण सातलाच दार लावून घेतो. एवढ्या अडचणींतून तो नजरेस पडला तर नवल वाटायचंच.

न दिसणं, नसणं आणि न लिहिणं

"दुर्मिळ" हा शब्द वापरताना तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. काही जीव खरोखरच थोडे उरलेले असतात. काही पुष्कळ असतात, पण आपल्या समोर येत नाहीत. आणि काही समोर येतात, लोक बघतात, पण कुणी लिहून ठेवत नाही, म्हणून कागदावर ते दुर्मिळ राहतात. माझ्या मते पेपरातले निम्मे "दुर्मिळ" या तिसऱ्या जातीचे असावेत.

तिसरी गोष्ट आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र काय? दप्तर अद्ययावत. बाईने महिन्याच्या महिन्याला बचत भरली, पण पुस्तकात नोंद नाही, तर बँकेच्या लेखी ती बचत नाहीच. साहेब तुमच्या तोंडाकडे बघत नाहीत, पुस्तकाकडे बघतात. पाखरांचंही तसंच आहे.

त्यात पतंगांवर आधीपासूनच थोडा अन्याय झालेला आहे. भारतात फुलपाखरांच्या जाती तेराशेच्या आसपास आहेत आणि पतंगांच्या दहा हजारांहून जास्त. पण फुलपाखरं दिवसा उडतात, रंगीत असतात, त्यामुळे त्यांचे फोटो निघतात. ब्लू मॉरमॉन या फुलपाखराला २०१५ मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखराचा मान दिला. (त्याची अळीही आपल्या लिंबाचीच पानं खाते, बरं का.) पतंगांच्या वाट्याला असं काही आलं नाही. रात्रीचं पाखरू म्हणजे दिव्यावरची कटकट, एवढीच त्याची ओळख.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत मात्र एक बदल झाला. प्रत्येक घरात कॅमेऱ्याचा मोबाइल आला. कोकणातून, घाटमाथ्यावरून ॲटलास पतंगाचे फोटो येऊ लागले आणि अभ्यास करणाऱ्यांना दिसलं की हा पतंग आपण समजत होतो त्याहून जास्त ठिकाणी आहे. म्हणून आता जाणकार मंडळी त्याला सरसकट "दुर्मिळ" म्हणत नाहीत. पावसाळ्यात आणि त्याच्या आगेमागे, झाडी असलेल्या भागांत दिसणारा पतंग, असं म्हणतात. दर्जा बदलला तो असा.

इथे एक सावधगिरी हवी. नोंदी वाढल्या म्हणजे पतंग वाढले असं नाही, कॅमेरे वाढले. शंभर पतंगांपैकी पूर्वी एकाचा फोटो निघत असेल आणि आज पन्नासांपैकी पाचांचा निघत असेल, तर कागदावर पतंग पाचपट झाले आणि रानात निम्मे. हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, पण असं होऊ शकतं. जुन्या नोंदीच नसतील तर वाढले की घटले, हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. मग रस्ता रुंद होतो, डोंगर चिरेखाणीला जातो, जुनी मिश्र झाडी तोडून एकाच पिकाची लागवड होते, वाडीत रात्रभर पांढरे झगझगीत दिवे लागतात. दिव्याभोवती पतंग रात्रभर घिरट्या घालतो, आठवडाभराची पुंजी एका रात्रीत उडवतो, आणि सकाळी भिंतीवर दमून बसला की कावळे नाहीतर पाली त्याला उचलतात. या सगळ्याचा किती फटका बसला हे मोजायचं कशाने? आधी किती होते ते कुणी लिहिलेलंच नाही.

नावाचीही एक गंमत आहे. ॲटलास हे नाव लिनियस या शास्त्रज्ञाने १७५८ मध्ये दिलं. पुढे १८८० च्या दशकात मूर नावाच्या इंग्रज अभ्यासकाने श्रीलंकेतल्या पतंगाला "टॅप्रोबानिस" असं वेगळं नाव दिलं. टॅप्रोबाना हे श्रीलंकेचं जुनं नाव. पण नंतर बराच काळ तो ॲटलासचाच पोटप्रकार धरला जात होता. आता दक्षिण भारत आणि श्रीलंकेतला पतंग ही स्वतंत्र जात मानतात, तर मूळ ॲटलास हिमालयाच्या पायथ्याला, ईशान्येला आणि त्यापलीकडच्या देशांत आढळतो. सह्याद्रीतल्या जुन्या नोंदींत मात्र नुसतं "ॲटलास" लिहिलेलं सापडतं. म्हणजे आपल्या पडवीतलं पाखरू कित्येक वर्षं भलत्याच नावाने दप्तरी होतं! आपण त्यात पडायचं कारण नाही. आपण "ॲटलास पतंग" लिहावं, फोटो जोडावा, बाकीचं जाणकार बघतील.

रेशीम निघेल का?

हा प्रश्न बैठकीत येणारच, म्हणून आधीच उत्तर देते. गडचिरोली-भंडाऱ्याकडे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसर रेशमाचे किडे वाढवतात. टसरचा पतंग ॲटलासच्याच कुळातला आहे, त्यामुळे आशा वाटणं साहजिक आहे. पण ॲटलासचा कोष एका टोकाला उघडा ठेवलेला असतो, पतंगाला बाहेर पडायला वाट म्हणून. त्याचा धागा सलग उलगडत नाही, तुटक निघतो. ईशान्येकडे त्यापासून लोकरीसारखं जाडसर सूत काततात, त्याला फगारा म्हणतात. तैवानमध्ये रिकाम्या कोषाची पैसे ठेवायची छोटी पाकिटं करत असत. पण आपल्याकडे मोजके कोष सापडतात, त्यांच्यावर गटाचा धंदा उभा राहणार नाही. कुणी असं प्रशिक्षण देतो म्हणून पैसे मागत आला तर आधी ग्रामसंघात विचारा.

कुणी जिवंत पतंग किंवा कोष विकत मागायला आला, तर त्याला ग्रामपंचायतीचा रस्ता दाखवा. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावागावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. गावाच्या हद्दीतून व्यापारासाठी अशा गोष्टी गोळा करणाऱ्याकडून शुल्क घ्यायचा अधिकार या समितीला आहे. दारातल्या दारात शंभराची नोट घेऊन विषय मिटवायचा नाही.

या समितीबद्दल आपल्या बऱ्याच ताईंना माहिती नसते. तिच्या सदस्यांत किमान एक तृतीयांश महिला असायला हव्यात. गावातली झाडं, पाखरं, मासे, बियाणं, औषधी, या सगळ्यांची "लोकजैवविविधता नोंदवही" करणं हे तिचं मुख्य काम. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली आणि देशभर नोंदवह्या भराभर तयार झाल्या. घाईत लिहिलेल्या वहीत तुमच्या वाडीतला पतंग असेलच असं नाही. पुढच्या ग्रामसभेला गेलात की दोन गोष्टी विचारा. समितीत आपल्यापैकी कोण आहे? आणि नोंदवही बघायला मिळेल का? पहिल्या प्रश्नाला काही गावांत असं उत्तर येईल की यादीत नाव आहे, पण त्या बाईलाच ठाऊक नाही. तसं असेल तर तिलाच बरोबर घेऊन जा.

नोंदीने काय होतं, याचं उदाहरण आपल्याच सिंधुदुर्गात आहे. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाजवळ, देवळाच्या कुंडात एक बोटभर मासा आहे. २०२० मध्ये अभ्यासकांनी तो नवीन जात म्हणून जाहीर केला आणि त्याला नदीचंच नाव दिलं. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, राज्य सरकारने त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. क्षेत्र फार मोठं नाही, दोन हेक्टरच्या आसपास. पण कागदावर नाव आल्यामुळे ते कुंड आज नुसतं कुंड राहिलेलं नाही. ॲटलास पतंगाच्या एका नोंदीने असं काही होईल असं मी म्हणत नाही, तेवढा तो विरळ नाही. पण उद्या तुमच्या डोंगरावर खाण आली आणि विचारणा झाली की "इथे आहे काय?", तर "नुसतं रान आहे" हे उत्तर देणारे पुष्कळ असतात. नोंदवहीत दहा वर्षांच्या तारखा असतील तर ते उत्तर देणं त्यांना जड जाईल.

कसं लिहायचं

वेगळी वही नको, गटाच्या वहीचं मागचं पान पुरे. तारीख, वेळ, वाडी, आणि पतंग कशावर बसला होता : भिंत, खांब की झाड. झाडावर असेल तर कुठलं झाड. जिवंत की मेलेला. जवळ दिवा होता का. फोटो काढताना शेजारी काडेपेटी किंवा पट्टी धरा म्हणजे आकार कळतो. पंख उघडे दिसतील असा एक फोटो आणि मिशांचा एक, एवढं झालं तर जाणकाराला ओळखायला सोपं जातं. पाखराला उचलून हातावर घेऊन सेल्फी नको. पंखांची पूड झडते, आणि आधीच आयुष्य आठवड्याचं आहे.

ज्या घरात मुलं शिकलेली आहेत त्यांनी तो फोटो आय-नॅचरॅलिस्टवर टाकावा. मॉथ्स ऑफ इंडिया नावाचं संकेतस्थळही आहे, तिथे आपल्या देशातले पतंग फोटोंसह बघायला मिळतात. दरवर्षी जुलैच्या शेवटी जगभर पतंग सप्ताह साजरा करतात. रात्री पांढरी चादर टांगायची, तिच्यावर दिवा सोडायचा आणि बसायला येणारी पाखरं मोजायची. आपल्याकडे तेव्हा लावणीने कंबर मोडलेली असते आणि पाऊस चादर टांगू देत नाही, तेव्हा हा कार्यक्रम शाळेच्या पोरांकडे आणि गुरुजींकडे सोपवावा हे बरं! फक्त तासाभराने दिवा आठवणीने बंद करा, नाहीतर पाखरं पहाटेपर्यंत तिथेच अडकतात.

अजून एक. "दिसला नाही" हीसुद्धा नोंद आहे. मागच्या वर्षी तीन वेळा दिसला आणि यंदा पूर्ण पावसाळ्यात एकदाही नाही, हे लिहिलंत तर ते तीन फोटोंइतकंच मोलाचं आहे.

ओळखताना दोन पाखरांशी गल्लत होऊ शकते. फिकट हिरवा आणि मागच्या पंखांना लांब शेपट्या असलेला तो चंद्रपतंग, इंग्रजीत मून मॉथ. आणि पाठीवर कवटीसारखी खूण असलेला, धरला की चीं चीं आवाज करणारा तो वेगळाच. त्याची मोठी, शेपटीवर शिंग असलेली अळी तीळ लावणाऱ्या ताईंनी नक्की बघितली असेल. मधमाश्यांच्या पेट्या असतील तर हा पतंग मध खायला आत शिरतो, तेवढं लक्ष असू द्या. त्याचीही नोंद करा, पण ॲटलासच्या खात्यात नको.

अळी दालचिनीच्या लहान रोपावर दिसली तर ती दोन-चार दिवसांत रोप बोडकं करू शकते. औषध मारायची गरज नाही. ज्या डहाळीवर ती बसली आहे ती डहाळी कापा आणि त्याच जातीच्या मोठ्या झाडात अडकवून ठेवा. मोठ्या झाडाला चार अळ्यांनी काही फरक पडत नाही.

आणि सरपण गोळा करताना किंवा छाटणी करताना वाळक्या पानात गुंडाळलेला, बोटाएवढा, तपकिरी चिवट कोष हाती आला तर लगेच जाळात टाकू नका. आधी हातात तोलून बघा. जड असेल आणि हलवल्यावर आत काही हललं, तर आत जीव आहे. तो फांदीसकट सावलीत, पावसाची झड लागेल अशा जागी बांधून ठेवा. अगदी हलका असेल तर टोकाकडची वाट बघा. ती मोकळी झालेली असेल तर पतंग निघून गेला. कोषाच्या अंगावर मात्र टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं असतील, तर आत वाढलेल्या परोपजीवी माश्या नाहीतर गांधीलमाशीच्या जातीचे छोटे किडे बाहेर पडले आहेत आणि पतंग झालाच नाही. काहीही निघालं तरी कुठल्या झाडावर, कुठल्या तारखेला, ते लिहून घ्या. रिकाम्या कोषाची नोंदही चालते.